एकाच लाइनीवरचे दोन फोन

आप्पांना ऐकू येत नाही हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी आप्पांची समजूत होती. ती समजूत आम्ही सगळ्यांनी मिळून जपली होती, आणि ते काही सोपं काम नव्हतं, सांगून ठेवते.

आमचं दुकान पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं. पुढे लांबट खोली आहे ते ऑफिस, मागे वर्कशॉप. मधलं दार कायम उघडं, कारण मागून कुणी ना कुणी हातात काहीतरी जड घेऊन येत असतं. आप्पा तरुणपणी मागेच होते. गंजलेले नट हातोडीने ठोकून सैल करायचे, मोटार चालू करून तिच्यापाशी कान नेऊन बेअरिंगचा आवाज ऐकायचे, आणि दिवसभर त्या कर्कश आवाजात उभे राहायचे. कान कशाने गेले ते सांगायला डॉक्टर नको. पण आधी गेली ती कंबर. वाकता येईना, तेव्हा मोठ्या मालकांनी त्यांना पुढे आणलं आणि फोनवर बसवलं.

आता बोला! कान उतरणीला लागलेला माणूस आणि फोनवर. पण तेव्हा थोडंफार ऐकू यायचं, आणि माणूस बोलायला गोड. सकाळी सकाळी नळाला पाणी नाही म्हणून चिडून फोन करणारा माणूस आप्पांशी बोलला की शेवटी तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायचा. हे मला आजवर जमलेलं नाही. माझ्याशी बोलून लोक आणखी चिडतात.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. बिलं करते, सामान मागवते, आलेलं सामान परत पाठवते. हात लांब केला तर आप्पांच्या टेबलाला लागेल एवढंच मधलं अंतर. आमच्याकडे लाइन एकच होती, पण फोन दोन, एक त्यांच्या टेबलावर, एक माझ्या. घंटी दोन्हीकडे एकदम वाजायची, आणि दोघांनी उचलला तर दोघांनाही ऐकू यायचं. त्या काळच्या कुठल्याशा वायरमनने करून दिलेली सोय. ती सोय नसती तर आप्पा केव्हाच घरी गेले असते.

पद्धत अशी होती. फोन वाजला की आप्पांना कळायचं नाही. मग मी पाय आपटायची. आमच्या ऑफिसची जमीन लाकडी फळ्यांची, एका ठिकाणी आपटलं की शेजारची खुर्ची हलते. खुर्ची हलली की आप्पा मान वर करून म्हणायचे, "अरे, फोन!" आणि उचलायचे. मग मी माझ्याकडचा उचलायची आणि पलीकडचा माणूस जे सांगेल ते मोठ्याने म्हणायची. "अगं बाई, पंप चालू होतो आणि लगेच बंद पडतो? कुठे, शाळेच्या मागे का?" आप्पा ते माझ्या तोंडून ऐकून फोनवर म्हणायचे, "शाळेच्या मागे ना? बघतो, बघतो, माणूस पाठवतो." पलीकडच्याला वाटायचं, काय तल्लख माणूस आहे.

आणि ह्या सगळ्याबद्दल मला काय मिळालं? तर आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या बाई स्वभावाने बऱ्या आहेत, पण फोन वाजला की पाय आपटतात. काम नको असतं. आणि दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायची भारी खोड." हे माझ्यासमोर सांगायचे. मी मूग गिळून बसायची. मागे वर्कशॉपात मिस्त्री खोकल्यासारखं करून हसायचा.

मिस्त्रीचंही काही वेगळं नव्हतं. आप्पांना कळावं म्हणून तो ओरडून बोलायचा. पण एकट्या आप्पांशी ओरडलं तर त्यांना शंका येईल, म्हणून सगळेच सगळ्यांशी ओरडायला लागले. दारात उभ्या गिऱ्हाईकाला वाटायचं, आत जुंपलीय. मिस्त्रीची बायको मला एकदा बाजारात भेटली तर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे ह्यांना फार त्रास आहे का हो? घरी येऊन मीठ मागतात तेही खेकसून मागतात." मी म्हटलं, "त्रास नाही हो, ती कामाची पद्धत आहे." तेही अर्थातच ओरडूनच म्हटलं.

हे सगळं का करत होतो, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे मोठं उत्तर नाही. मला आप्पा आवडायचे. बस्स. मी नवी होते तेव्हा माझ्या चुकीची बोलणी त्यांनी स्वतः खाल्ली होती, आणि तोंडावर तसं कधी दाखवलं नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, रोज दुपारी फोन करायच्या, जेवलात का म्हणून. आप्पा सगळ्याला "हो, हो" म्हणायचे. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो, मी तिला विचारतेय. अगं, ऐकतेयस ना? ते घरी बसले तर संपले बघ. माझ्याशी बोलत नाहीत. ऐकू आलं नाही तर चारदा विचारायची लाज वाटते, म्हणून बोलणंच टाकलंय. तिथे तू आहेस ना, मग झालं." आप्पा म्हणाले, "हो, हो."

मग मोठ्या मालकांनी गुडघ्यांपुढे हात टेकले आणि त्यांची धाकटी मुलगी दुकान बघायला लागली. आम्ही तिला धाकट्या बाई म्हणतो. बोलणं स्वच्छ, नेहमी समोर उभी राहून, तोंडाकडे बघून. त्यामुळे तिचे ओठ बघून आप्पांचं भागायचं आणि तिला काही कळलं नाही. तिला दुसरंच काहीतरी कळलं. गिऱ्हाईक म्हणतात, तुमचा फोन बघावा तेव्हा गुंतलेला. एक बोलतोय तोवर बाकीचे कंटाळून दुसरीकडे जातात.

तिने आम्हाला बोलावलं. म्हणाली, "प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा फोन हवा. एका वेळी दोघं-तिघं बोलू शकले पाहिजेत. खर्च मात्र आपल्याला झेपेल एवढाच. फोनचं आप्पांना सगळ्यात जास्त कळतं, तेव्हा निवड आप्पा करतील. आणि एक. नवा फोन आला की तो एकट्या आप्पांनी सांभाळायचा. बाईंनी मध्ये पडायचं नाही, त्यांची बिलं मागे पडतात."

आप्पा ऐटीत म्हणाले, "हो, हो."

बाहेर आल्यावर मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. एकट्या आप्पांनी म्हणजे दुपारपर्यंत भांडं फुटणार. भांडं फुटलं की खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली की घरी जाऊन गप्प बसणं आलं. आप्पांनाही ते कळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी डबा तसाच परत नेला.

पहिला आला तो पेटीवाला. भिंतीवर एक पेटी बसवायची, तिच्यातून प्रत्येक टेबलाला वायर न्यायची, बाहेरच्या लाइनी पेटीत यायच्या. पेटी एकदाच घ्यायची, पण एकदाच म्हणजे चांगलीच. वर दरवर्षी देखभालीचे वेगळे, आणि वायरिंग करायला भिंती फोडणार. आप्पांनी सगळं शांतपणे "हो, हो" करत ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि मग विचारलं, "एकाच वेळी दोघांना उचलता येईल का? दोघांना ऐकू येईल असं?"

पेटीवाला हसला. "काका, एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही, हीच तर ह्याची खासियत!"

मी ते मोठ्याने परत म्हटलं. आप्पांचा चेहरा पडला. तरी सावरून म्हणाले, "तसं नाही हो. ह्या आमच्या बाई. ह्यांना दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय करमत नाही. एवढ्या वर्षांची सवय, आता ह्या वयात कुठे सोडणार? त्यांचीही सोय बघायला हवी."

पेटीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी म्हटलं, "हो, मला करमत नाही." झालं! तेही माझ्या नावावर जमा.

दुसरा पर्याय मिस्त्रीने शोधला. त्याच्या ओळखीचं एक ऑफिस बंद होत होतं, तिथली जुनी पेटी आणि फोन स्वस्तात मिळत होते. मिस्त्री ते सगळं खोक्यात भरून घेऊनच आला. त्यातल्या एका फोनची घंटी अशी होती, की वाजली तेव्हा रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. आप्पांनी मान वर केली. "वा!" म्हणाले. "फोन असावा तर असा." आमचा जीव भांड्यात पडला. पण धाकट्या बाईंनी येऊन बटणं दाबून बघितली तर निम्मी दाबलेली वर येईनात, आणि पेटीचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत असं निघालं. "आप्पा, तुमच्यासारखा माणूस असली वस्तू कशी पसंत करतो?" त्या म्हणाल्या. खरोखर नवल वाटून म्हणाल्या. आप्पा खोक्याकडे बघत राहिले.

तिसरी आली एक मुलगी. पाठीला पिशवी, हातात एकच छोटा फोन आणि एक हेडफोन. ह्यात पेटी नाही, वायर नाही, सगळं इंटरनेटवरून. माणसागणिक थोडं महिन्याचं भाडं, नको असेल तेव्हा बंद करा. नंबर जुनाच राहील. फोन गुंतलेला असेल तर पुढच्या माणसाकडे जाईल. आणि प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग, तेही फुकट.

रेकॉर्डिंग हा शब्द मी परत म्हटला नाही. पण आप्पांनी तो तिच्या तोंडावरून वाचला असावा, कारण ते एकदम म्हणाले, "आम्हाला नको. महाग आहे."

"काका, ह्याहून स्वस्त काहीच नाही," ती म्हणाली.

"मग फार स्वस्त आहे," आप्पा म्हणाले. "टिकणार नाही."

धाकट्या बाईंनी हसून तो आठवडाभर फुकट वापरायला ठेवून घेतला. मुलीने हेडफोन आप्पांच्या टेबलावर ठेवला. "हे लावा काका, आवाज पाहिजे तेवढा मोठा होतो." आप्पांनी तो खोक्यात घालून खोकं ड्रॉवरात टाकलं. "डोक्याला ते खोगीर कोण लावणार," म्हणाले.

तो आठवडा मी विसरणार नाही. माझ्या टेबलावरचा जुना फोन मुका झाला. पहिल्याच फोनला मी पाय आपटला, आप्पांनी उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी रिकाम्या हाताने बसलेली. ते "हो, हो, बघतो" करत राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. कुणाला बघतो, कुठे बघतो, देव जाणे. तेव्हा मी उठले, हात लांब केला आणि त्या नव्या फोनवर स्पीकरचं चित्र असलेलं बटण दाबलं. पलीकडच्या बाईचा आवाज खोलीभर झाला. मी लगेच सुरू केलं, "अगं बाई, टाकी भरून वाहतेय का?"

बटणाचा शोध मीच लावला, म्हणून मी फुशारले होते. मग दिवसभर तेच. धप्प, स्पीकर, "अगं बाई." लाकडावर टाच आपटून आपटून ती आधीच दुखायची, त्या आठवड्यात सुजली. संध्याकाळी घरी जाऊन मी पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि आप्पांना मनातल्या मनात शिव्या घालायची. नवरा म्हणाला, सांगून टाक ना त्या माणसाला. मी त्याच्यावरही ओरडले.

रेकॉर्डिंगचं मी विसरून गेले होते. विसरायला नको होतं, पण गेले.

आठवडा संपला त्या सकाळी धाकट्या बाई लॅपटॉप घेऊन थेट आप्पांच्या टेबलाशी आल्या. मागे मिस्त्रीने ग्राइंडर लावला होता. त्यांनी ड्रॉवर उघडून हेडफोन काढला, तो स्वतः आप्पांच्या डोक्यावर चढवला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि समोर उभं राहून म्हणाल्या, "मी काल सगळं ऐकलं. निवड तुमची आहे, तेव्हा तुम्हीही ऐकून ठरवा."

आवाज इतका मोठा होता, की शेजारी मलाही हेडफोनमधून बारीक ऐकू येत होतं. आधी टक्, स्पीकरचं बटण. मग आप्पा, "हो, हो!" मग कुणीतरी माणूस, पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही म्हणणारा, आणि त्याच्यामागे मी, तेच घसा फोडून सांगणारी. आप्पांनी डोळे बारीक केले. मग त्या रेकॉर्डिंगमध्ये, पलीकडचा माणूस पत्ता शोधत असताना, दारातून मिस्त्रीचा आवाज आला, एरवीच्या मानाने अगदी हळू, "ताई, पुढच्याला मी आपटतो पाय. तुझी टाच केवढी सुजलीय."

आणि माझा आवाज, "नको रे. तू आपटलास तर त्यांच्या लक्षात येईल. माझ्या आपटण्याची त्यांना सवय आहे. आणि तू हळू का बोलतोयस? ओरड, नाहीतर शंका येईल."

आप्पा हलले नाहीत. रेकॉर्डिंग संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. मागे ग्राइंडर थांबला. मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता उठतील, डबा उचलतील आणि जातील, आणि पुन्हा कधी दिसणार नाहीत. मला धाकट्या बाईंचा भयंकर राग आला. एवढं सगळ्यांसमोर कशाला?

धाकट्या बाईंनी त्यांच्या कानावरचा हेडफोन थोडा सरकवला आणि विचारलं, "हे लावल्यावर नीट ऐकू आलं?"

"आलं," आप्पा म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

"मग आठवडाभर लावलं का नाहीत?"

आप्पांनी आमच्याकडे बघितलं, मिस्त्रीकडे, माझ्याकडे, मग खाली फळ्यांकडे. "लावलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना," ते म्हणाले.

मिस्त्रीने मान फिरवली. धाकट्या बाईंनी लॅपटॉप मिटला. त्या कठोर नाहीत, पण गुळमुळीतही नाहीत. "आप्पा, फोन तुम्हीच सांभाळायचा. पण हे डोक्याला लावून, आणि तुम्ही स्वतः. बाईंच्या पायावर नाही. जमत असेल तर बघा, नाहीतर तसं स्पष्ट सांगा."

आप्पांनी सरकलेला हेडफोन नीट बसवला. मग म्हणाले, "हाच घ्या. पेटी नको, भिंती फोडायला नकोत. आपल्याला झेपण्यासारखा आहे."

आता ऑफिसात इतकी शांतता असते, की मला सुरुवातीला डोकं दुखल्यासारखं व्हायचं. आप्पा सकाळी आल्या आल्या हेडफोन चढवतात, तो संध्याकाळी उतरवतात. त्यात फोनवरचं सगळं ऐकू येतं, पण समोरचा माणूस बोलला तर मात्र पूर्वीइतकंच. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं असेल तर त्यांना फोन लावावा लागतो. हातभर अंतरावर बसून मी त्यांना फोन लावते आणि सांगते, आप्पा, चहा आलाय. ते माझ्याकडे न बघता फोनवरच म्हणतात, आलो. काकूंचा दुपारचा फोन आता खूप वेळ चालतो. काय बोलतात ते मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर करमतही नाही.

मिस्त्रीचं ओरडणं मात्र अजून सुटलेलं नाही. माझंही नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत आप्पा माझ्याशी काहीच बोलले नव्हते. मी समजून गेले होते, की माणूस दुखावलाय, आणि दुखावलाच पाहिजे. मी बिलांत डोकं घालून बसले होते, तेवढ्यात माझ्या टेबलावरचा नवा फोन वाजला. उचलला. शेजारचीच खुर्ची, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"बाई," आप्पा म्हणाले. कानातही तोच आवाज, शेजारूनही तोच. "कोणती टाच?"

"उजवी," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची भिंतीकडे आणखी वळवली.

"मी लोकांना सांगत सुटलो होतो," ते म्हणाले, "की बाई रागीट आहेत, फोन वाजला की पाय आपटतात."

"आहेच मी रागीट," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि ते त्यांना आता ऐकू जाईल म्हणून मी रिसिव्हर तोंडापासून लांब धरला.

"आज लवकर घरी जा," आप्पा म्हणाले. "पाय वर करून बस. मला ऐकू येतं फोनवरचं."

त्यांनी बोलणं संपवलं, आणि लगेच बाहेरचा फोन आला. त्यांच्या टेबलावर बारीक घंटी वाजली, आणि माझी टाच सवयीने उचलली गेली. आप्पांनी बटण दाबलं आणि "बोला" म्हणाले. मी पाय हळूच खाली ठेवला, आवाज होऊ न देता.